एमपी३ करून टाक ना!

या वीकेंडला जरा भांडायचं ठरवलंय. बरेच दिवस हे डोक्यात साचलंय, आणि सोमवारपर्यंत तिथेच राहिलं तर हापिसात कोणावर तरी विनाकारण निघेल. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

भांडण एका वाक्याशी आहे. "अरे, ते एमपी३ करून टाक ना!" घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की हे वाक्य त्याच्या वाट्याला येतंच. जुन्या डीव्हीड्या, कॅमेऱ्याच्या फाईली, काकांच्या साठीचं शूटिंग... सगळ्यावर एकच औषध. आणि आपण सॉफ्टवेअरवाले काय करतो? नेटवरून एक ओळ उचलतो (हल्ली एआयला विचारतो, तो तीच ओळ जास्त आत्मविश्वासाने देतो), टर्मिनलमध्ये चिकटवतो, एंटर मारतो, फाईल वाजते की नाही ते दहा सेकंद ऐकतो आणि "झालं!" म्हणून पेनड्राइव्ह परत करतो. मूळ डिस्क जाते भंगारात.

माझं म्हणणं एवढंच, की सहा चॅनेलचा आवाज दोन चॅनेलमध्ये आणताना कोणाचा आवाज मोठा, कोणाचा बारीक आणि कोणाचा अजिबात नको, हे ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर कमांड ठरवते. आणि तुम्ही ती वाचलीच नसेल, तर तिने काय ठरवलं हे तुम्हाला कधी कळतही नाही.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, लवकर आटपतो.

५.१ म्हणजे समोर डावा, समोर उजवा, मधला, मागचे (किंवा बाजूचे) दोन, आणि तो पॉइंट वन म्हणजे फक्त खालच्या, घुमणाऱ्या आवाजांसाठी राखलेला चॅनेल, एलएफई. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं आणि पुढे डीव्हीडीबरोबर घराघरात पोचलं. फाईलच्या भाषेत त्याचं नाव एसी-३. सिनेमात संवाद साधारणपणे मधल्या चॅनेलमध्ये असतात. मागच्या दोनमध्ये पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर वगैरे मंडळी. त्यामुळे बहुतेकांची समजूत अशी, की मागचे चॅनेल म्हणजे पोळीवरचं तूप. असलं तर छान, नसलं तरी पोट भरतं.

सिनेमापुरतं हे एक वेळ चालेल. पण ५.१ फक्त सिनेमात नव्हतं. साधारण २००६-०७ च्या सुमारास सोनीच्या काही हँडीकॅममध्ये ५.१ रेकॉर्डिंग आलं होतं. आठवतात त्या ८ सेंटिमीटरच्या पिटुकल्या डीव्हीड्या? १.४ जीबीच्या? सर्वात चांगल्या क्वालिटीला ठेवलं तर जेमतेम वीस मिनिटांत भरायच्या, आणि 'फायनलाइज' केल्याशिवाय घरच्या प्लेयरवर बहुधा लागायच्याच नाहीत. अमेरिकेतून येणाऱ्या कितीतरी दादा-वहिनींच्या गळ्यात तेव्हा असला कॅमेरा असे. त्याचा माइक पुढचे आवाज पुढच्या चॅनेलमध्ये आणि मागचे मागच्या चॅनेलमध्ये टाकायचा.

आता मला सांगा, घरगुती शूटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या मागे कोण असतं?

शूटिंग करणारा माणूस!

तो कधीच फ्रेममध्ये नसतो. अख्ख्या लग्नात त्याचा एक फोटो सापडणार नाही. पण तो सतत बोलत असतो. "अगं, इकडे बघ जरा", "मुलांनो, बाजूला व्हा", "हां, आता हार घाला". त्याचं त्या दिवशीचं जे काही अस्तित्व उरलंय, ते मुख्यतः त्या मागच्या दोन चॅनेलमध्ये. ज्यांना आपण तूप समजतो त्या.

आमच्या घरातलीच गोष्ट. २००७ साली सांगलीला एक लग्न झालं. शूटिंग धाकट्या काकांनी केलं, भावाने न्यूजर्सीहून आणलेल्या कॅमेऱ्यावर. बारा छोट्या डिस्का झाल्या. काका २०१९ मध्ये गेले. त्यानंतर काकूने हौसेने त्या डिस्का एका दुकानात 'पेनड्राइव्हमध्ये करून' घ्यायला दिल्या. दुकानदाराने दोन दिवसांत दिल्याही. एक सुबक फाईल, आवाज स्टिरिओ. "आता या डिस्कांचं काही काम नाही" असंही सांगितलं, म्हणून त्यातल्या अकरा रद्दीबरोबर गेल्या. बारावी वाचली, कारण ती कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात अडकली होती.

काकूची तक्रार अगदी साधी होती. "व्हिडिओ छान झालाय रे, पण यांचा आवाजच येत नाही. तेव्हा टीव्हीवर लावायचो तेव्हा यायचा."

घरच्यांनी समजूत काढली की तुला तसं वाटतंय. मी पेनड्राइव्ह आणि ती बारावी डिस्क, दोन्ही घेऊन बसलो. डिस्कवरचा एसी-३ ट्रॅक सहा चॅनेलचा. मागचे दोन वेगळे काढून ऐकले तर काका अगदी कानाशी बोलतायत! काकूला अधूनमधून चिडवणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. पेनड्राइव्हच्या फाईलमध्ये त्याच जागी बँड वाजतोय आणि काका कुठेतरी विहिरीच्या तळाशी पुटपुटतायत. म्हणजे काकूचे कान बरोबर होते. चूक होती ती एका ओळीत.

कोणत्या ओळीत, ते बघू. (इथे सगळं देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका, नाहीतर तो तुम्हाला ओळखच देणार नाही. :) )

एफएफएमपेग हे या क्षेत्रातलं दादा सॉफ्टवेअर. २००० साली फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं, फुकट आहे, मुक्त आहे, आणि आज जगातल्या कित्येक व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात तेच बसलेलं असतं. त्याला '-एसी २' सांगितलं की ते सहाचे दोन करून देतं. कसे? मधला चॅनेल ०.७०७ ने गुणायचा (म्हणजे ३ डेसिबल खाली आणायचा) आणि डाव्या-उजव्या दोघांत मिळवायचा. मागचा डावा तसाच ०.७०७ ने गुणून डाव्यात, मागचा उजवा उजव्यात. एलएफई सोडून द्यायचा. हे आकडे काही कोणी हवेतून काढलेले नाहीत, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीला धरून आहेत. एलएफई सोडण्यालाही अर्थ आहे, कारण सिनेमाचं मिक्सिंग करणारे लोक महत्त्वाची गोष्ट फक्त तिथेच ठेवत नाहीत.

पण बेरीज करून बघा. १ अधिक ०.७०७ अधिक ०.७०७ म्हणजे २.४१४. पूर्णांकांच्या हिशेबात ही बेरीज ओव्हरफ्लो होऊ द्यायची नसेल, तर सगळ्याला २.४१४ ने भागावं लागतं. म्हणजे समोरचा आवाज उरला ०.४१४ पट आणि मधला प्रत्येक बाजूला ०.२९३ पट. "सगळं बारीक ऐकू येतं, आणि व्हॉल्यूम वाढवला तर मारामारीत कान फाटतात" ही घरोघरची तक्रार इथूनही येते. अर्थात साध्या '-एसी २' मध्ये मागचे चॅनेल निदान शिल्लक तरी राहतात.

खरी गंमत पुढे आहे. आवाज बारीक येतो म्हटल्यावर आपला हुशार इंजिनिअर नेटवर शोधतो, आणि त्याला एक फार लोकप्रिय ओळ सापडते. पॅन फिल्टरची. मधला चॅनेल पूर्ण, समोरचा ०.३०, मागचा ०.३०. संवाद खणखणीत येतात. सगळे खूश. पण त्या ओळीत मागच्या चॅनेलची नावं असतात बीएल आणि बीआर, म्हणजे पाठीमागचा डावा आणि उजवा. आणि एसी-३ ची फाईल उघडली की एफएफएमपेग तिचा लेआउट सांगतं '५.१ साइड'. तिथे त्या चॅनेलची नावं असतात एसएल आणि एसआर, म्हणजे बाजूचा डावा आणि उजवा.

नाव जुळलं नाही तर काय होतं? एरर येतो? लाल अक्षरात काही दिसतं? काही नाही! जो चॅनेल फाईलमध्ये नाहीच, त्याचा गुणक मुकाट्याने बाजूला ठेवला जातो आणि काम पुढे चालू राहतं. मागचा आवाज ०.३० पट नव्हे, चक्क शून्य. बाराव्या डिस्कवर मी हीच ओळ चालवून पाहिली, आणि काका जसेच्या तसे विहिरीत! तीच फाईल बीएलच्या जागी एसएल आणि बीआरच्या जागी एसआर लिहून केली, आणि काका बाहेर आले. दोन अक्षरांचा फरक.

आता तुम्हीच सांगा. पुल रिक्वेस्टमध्ये एका व्हेरिएबलच्या नावावरून पंचवीस कॉमेंट टाकणारे आपण. सायलेंट फेल्युअर दिसला की "हे प्रॉडक्शनला जाऊच कसं दिलं?" म्हणून मीटिंग बोलावणारे आपण. आणि स्वतःच्या काकाचा आवाज प्रॉडक्शनमधून डिलीट करताना एक लॉगसुद्धा वाचत नाही? हापिसात अख्खा डेटाबेस मायग्रेट करताना कोणी म्हणालं, "जुना बॅकअप कशाला, टाकून दे", तर त्याला आपण वेड्यात काढू. घरी मात्र तेच करतो, कारण ते 'आपलं असंच, घरचं काम' असतं.

अजून एक छुपा निर्णय सांगतो. एसी-३ च्या फाईलमध्येच "मोठे आवाज किती दाबायचे, बारीक किती उचलायचे" याच्या सूचना भरलेल्या असू शकतात. एफएफएमपेगचा डीकोडर त्या सूचना डीफॉल्टनेच पाळतो. म्हणजे "मी लॉसलेस फ्लॅकमध्ये ठेवलंय, काही बिघडलं नाही" म्हणणाऱ्याच्या फ्लॅकमध्ये आवाजाची चढउतार आधीच इस्त्री झालेली असू शकते. ती टाळायची तर इनपुट फाईलच्या नावाच्या आधी '-डीआरसी_स्केल ०' द्यावं लागतं. नंतर देऊन उपयोग नाही, कारण तो डीकोडरचा पर्याय आहे. 'सैराट'च्या शेवटी जी शांतता अंगावर येते, ती आधीच्या आवाजामुळे येते ना? मोठं आणि बारीक यातलं अंतर हाच जिथे मजकूर आहे, तिथे ते अंतर आपल्या नकळत कमी झालेलं मला चालणार नाही.

शिवाय फ्लॅकचा हट्ट मुळात कशाला? ४४८ केबीपीएसचा एसी-३ उलगडून सहा चॅनेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ केला की तो ४,६०८ केबीपीएस होतो, साधारण दहापट. फ्लॅक त्यातला काही भाग आवळेल, पण मूळ एसी-३ मध्ये नव्हतं ते कुठून आणणार? ताकाचं दूध होत नाही, कितीही महागड्या पातेल्यात ओतलं तरी.

आता नेहमीचे आक्षेप.

"माणसाला कान दोनच असतात." वा! आणि त्या दोन कानांनी मागून येणारा रिक्षावाला तुम्हाला कळतोच ना? पण ते राहू द्या. तुम्ही दोन स्पीकरवरच ऐका की. प्रश्न ऐकण्याचा नाही, ठेवण्याचा आहे. सहाचे दोन कधीही करता येतात, आज, उद्या, वीस वर्षांनी. दोनाचे सहा करता येत नाहीत. सहा अज्ञात आणि दोन समीकरणं, हे आपण अकरावीतच शिकलोय. एआय वापरून आवाज वेगळे करणारी साधनं आलीत खरी, पण ती अंदाज बांधतात. काका त्या दिवशी काय बोलले, याचा अंदाज मला नको आहे.

"घरात ५.१ सिस्टीम आहे कोणाकडे?" २०१० साली नव्हती, म्हणून अनेकांनी चॅनेल फेकले. २०२० मध्ये आयओएस १४ बरोबर अॅपलच्या एअरपॉड्स प्रोमध्ये स्पेशल ऑडिओ आलं, आणि ५.१ चा ट्रॅक दोन कानांतच चारी बाजूंनी ऐकू यायला लागला. लोकलमध्ये उभं राहून! ज्यांनी मूळ ठेवलं होतं त्यांना हे फुकटात मिळालं. पुढे अजून काय येईल त्यासाठीही मूळच लागणार.

"जागा फार लागते." ४४८ केबीपीएस म्हणजे तासाला साधारण २०० एमबी. १२८ चा एमपी३ तासाला साधारण ५८. तासामागे वाचले किती, तर १४४ एमबी. तुमच्या फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंना यापेक्षा जास्त जागा दिलेली आहे.

"एसी-३ जुना झाला, उद्या चालणार नाही." त्याचं स्पेसिफिकेशन जाहीर आहे, पेटंटं २०१७ मध्ये संपली, मुक्त डीकोडर सगळीकडे आहेत. कोणत्याही दुकानदाराच्या 'स्पेशल फॉरमॅट'पेक्षा तो जास्त दिवस जगेल. धोका आहे तो डिस्कला. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीचा थर सेंद्रिय रंगाचा असतो. ऊन, दमट हवा आणि वर्षं यांनी तो उतरतो. आपला कोकण-मुंबईचा पावसाळा त्याला विशेष मानवत नाही.

"सगळ्यांनी कमांड लाइन शिकायची का?" मुळीच नाही. काकूने का शिकावी? दुकानदारानेही नाही शिकली तर मी समजू शकतो. माझं भांडण तुमच्या-माझ्याशी आहे, ज्यांना ती येते असं आपण जगाला सांगतो. एका बटणाच्या कन्व्हर्टरला नावं ठेवायची आणि टर्मिनलमध्ये न वाचता ओळ चिकटवायची, यात फरक फक्त काळ्या पडद्याचा. काळा पडदा दिसला म्हणून समज आली असं होत नाही. उलट कमांड लाइनचं मोठेपण हे, की तिथे प्रत्येक निर्णय लिहून ठेवलेला असतो आणि बदलता येतो. तो वाचायचाच नसेल तर बटण काय वाईट?

मग करायचं काय? मी करतो ते सांगतो.

पहिलं, कन्व्हर्ट करूच नका. डिस्कची पूर्ण आयएसओ इमेज काढून ठेवा. डिस्क ओरखडलेली असेल तर डीडीरेस्क्यू वापरा, ते वाचता येणारा भाग आधी वाचून घेतं आणि अडलेल्या जागी परत परत प्रयत्न करतं. दुसरं, एफएफप्रोबने आत काय आहे ते बघा. किती ट्रॅक, प्रत्येकाचे किती चॅनेल, लेआउटचं नाव काय. नुसती कमांड दिली तर एफएफएमपेग एकच ऑडिओ ट्रॅक उचलतं, सर्वात जास्त चॅनेलवाला. बाकीचे हवे असतील तर '-मॅप' ने तसं सांगावं लागतं. तिसरं, फाईलचा नुसता डबा बदलायचा असेल तर '-सी कॉपी'. आवाजाला हात न लावता ट्रॅक जसाच्या तसा नव्या डब्यात जातो, आणि वेळही फार लागत नाही.

हे झाल्यावर, आणि झाल्यावरच, ऐकायची प्रत बनवा. तिथे हवं ते करा! आजीच्या टीव्हीसाठी मधला चॅनेल वाढवा, आवाजाची चढउतार दाबलेली राहू द्या, तिला तीच सोयीची. काकूसाठी मी समोरचा ०.५ ठेवला, मधला ०.७ आणि बाजूचे पूर्ण १. पॅन फिल्टरमध्ये बरोबरच्या चिन्हाऐवजी 'पेक्षा लहान'चं चिन्ह वापरलं की तो सगळ्या गुणकांची बेरीज आपणहून १ वर आणतो, आवाज फाटत नाही. सिनेमाच्या दृष्टीने हे मिक्स साफ चुकीचं आहे. मागचे आवाज पुढच्यांपेक्षा मोठे कोणी ठेवतं का? पण त्या लग्नात काकूला ज्याला ऐकायचं आहे तो मागेच उभा होता. हे कोणत्याही डीफॉल्टला कळणार नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. ते आपण सांगायचं असतं.

अकरा डिस्का गेल्या, त्या गेल्या. एका डिस्कवर काकांचा आवाज आहे, आणि आता ती तीन ठिकाणी ठेवली आहे.

तुमच्याही घरात कपाटाच्या वरच्या खणात असल्या पिटुकल्या डिस्का असतील. पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "एमपी३ करून टाक ना", तर जरूर करा. फक्त 'टाक' हा शब्द तेवढा मनावर घेऊ नका.